बारशाच्या कॅसेटवरचा सामुराई

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळ्या प्लॅस्टिकची, एखाद्या जाड पुस्तकाएवढी. माझ्या पोटात दोन चाकं आहेत आणि त्यांच्यावर गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत. त्या फितीवर चित्रं आणि आवाज साठवतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. सध्या मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न गावी, एका घरातल्या पुस्तकांच्या कपाटात राहते.

माझ्या पाठीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर निळ्या शाईने लिहिलं आहे, 'अनया – बारसं – १९८८'. पण तुम्ही मला मशीनमध्ये घातलंत तर बारसं दिसणार नाही. दिसेल एक जपानी म्हातारा. डोक्यावर केसांची गाठ, कमरेला दोन तलवारी आणि समोर धुक्यात उतरत जाणारी पायवाट. तेव्हा 'तू कोण?' असं मला कोणी विचारलं, तर मी गोंधळून जाते. नावाने मी बारशाची आणि पोटात माझ्या सामुराई. हे असं का झालं, ते जेवढं कळलं तेवढं सांगते. सगळं कळलेलं नाही, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या देशात ते मला माहीत नाही. वेष्टनावर लिहिलेलं होतं, पण ते लगेच फाडून टाकलं गेलं. ज्याने ते फाडलं त्याचं नाव चंद्रशेखर. तो मूळचा मिरजेचा. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला एका कंपनीत इंजिनियर होता. त्याची बायको शैलजा नागपूरची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. दोघांनी एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं आणि त्यांना नुकतीच मुलगी झाली होती.

त्या मुलीचं बारसं म्हणजे माझं पहिलं काम. चंद्रशेखरचा मित्र दिगंबर याने ऑफिसातून एक भलामोठा कॅमेरा मागून आणला होता. त्याने मला त्या कॅमेऱ्यात बसवलं आणि कॅमेरा खांद्यावर घेतला. दोन खोल्यांत चाळीस माणसं जमली होती. पाळणा मिळाला नव्हता म्हणून धुण्याची बास्केट शैलजाच्या हिरव्या साडीने सजवली होती. बायकांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, कोणीतरी अर्धवट आठवणारं गाणं म्हटलं, आणि ते सगळं माझ्यावर उतरलं. जवळजवळ दीड तास. दुसऱ्या दिवशी शैलजाने मला ओढणीने पुसून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. पाहुणे आले की ती मला बाहेर काढायची. "बघा ना, आमची बास्केटमधली राजकन्या," असं म्हणायची. लोक हसायचे. मला वाटायचं, या घरात माझ्याहून मौल्यवान काही नाही. ते खरं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी थंडीत मिरजेहून फोन आला. चंद्रशेखरचे वडील गेले. तो त्याच दिवशी निघणार होता. पण त्याच्या आणि शैलजाच्या ग्रीन कार्डाचा अर्ज मध्येच अडकलेला होता. 'निकाल लागेपर्यंत देश सोडू नका, सोडलात तर सगळं मुळापासून,' असं वकिलाने बजावलं. तो गेला नाही. फोनवरच भावाला काय काय करायचं ते सांगत राहिला. फोन ठेवल्यावर रडला नाही की काही बोलला नाही. नंतर कित्येक आठवडे घरात फक्त शैलजाचा आवाज आणि बाळाचा आवाज.

तो एकाच दिवशी बोलायचा. रविवारी.

रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर एक जपानी मालिका लागायची. तिथे जपानी माणसं पुष्कळ, म्हणून तसा एक चॅनेल होता. मालिकेत मासानोजो नावाच्या एका सामुराईचं सगळं आयुष्य होतं, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत. दर रविवारी एक भाग, वर्षभर. बोलणं जपानीत, खाली पिवळ्या अक्षरांत इंग्रजी ओळी. ड्रॉवरमधून मला नुसता आवाज ऐकू येई. घोड्यांच्या टापा, दारं सरकल्याचे आवाज, आणि एक खर्जातला माणूस. काय बोलतो ते कळत नसे. मला तर वाटायचं की घरात तो खराखुरा माणूस येतो, एक तास बसतो आणि निघून जातो.

"आले का तुमचे शेंडीवाले?" शैलजा स्वयंपाकघरातून विचारायची.

"ये ना, बस," चंद्रशेखर म्हणायचा. मग तो तिला समजावून सांगायचा. "हा लहानपणी दुसऱ्या राजाकडे ओलीस दिलेला असतो. तिथेच वाढला, तिथेच नोकरी करतो. आता त्याचे वडील गेलेत. आणि राजा त्याला किल्ल्याबाहेर सोडत नाहीये."

"मग?"

"मग काय? उभा राहिला दरवाजाशी. आतूनच नमस्कार केला."

एवढं बोलून तो गप्प झाला. शैलजाही गप्प. टीव्हीवर बराच वेळ नुसता वारा वाजत होता. मी तेव्हा विचार करत होते की ही दोघं आता कुणाबद्दल गप्प बसली आहेत. त्या सामुराईबद्दल की आणखी कुणाबद्दल?

मार्च महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग लागणार होता. सव्वा तासाचा. म्हातारा मासानोजो साठ वर्षांनी सुटतो आणि आपल्या गावी निघतो, एवढं आधीच्या भागात झालेलं होतं. तो घरी पोचतो का, हे चंद्रशेखरला बघायचं होतं. आणि नेमकं कंपनीने त्याला दोन आठवडे टेक्सासमध्ये, प्लेनोला पाठवलं. शुक्रवारी सकाळी निघायच्या घाईत त्याने ड्रॉवरमधून एक कोरी कॅसेट काढून मशीनमध्ये घातली, रविवारची वेळ लावली, आणि टॅक्सीत बसला.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मला शैलजाचीच बाजू ऐकू आली. "हो, तुम्हीच तर लावून गेलात. बघते मी. नाही हो विसरत. किती वेळा सांगाल?"

साडेसहाला तिने मशीन चालतंय का ते बघायला बटण दाबलं. आतून कर्र असा आवाज झाला. मशीनने ती कोरी कॅसेट खाल्ली होती. शैलजाने ओढून काढली तर शेवयांसारखी फीत बाहेर लोंबत आली.

"अगं बाई!" ती म्हणाली.

तिने ड्रॉवर उघडला आणि एकेक कॅसेट बाहेर काढून नाव वाचू लागली. "हे मंडळाचं नाटक. हे पण मंडळाचं. हे दिगंबरभावजींचं. हे भाड्याचं." सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. तिने दिगंबरला फोन लावला, तो घरी नव्हता. कॅसेटचं दुकान सहालाच बंद झालं होतं आणि गाडी चालवायचं लायसन्स तिला अजून मिळालं नव्हतं. शेवटी ड्रॉवरमध्ये मी उरले.

ती मला मांडीवर घेऊन खाली सतरंजीवर बसली. अनया रांगत आली आणि माझा कोपरा तोंडात घालू लागली. शैलजाने तिला अडवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अनू, तुझं बारसं देऊ का गं बाबाला? तू तर आहेसच इथे."

मला काही समजेना. बारसं कसं देतात? आणि ते सामुराईची वाट बघणाऱ्या माणसाला कशाला?

तिने मला मशीनमध्ये घातलं. मशीनने मला परत बाहेर टाकलं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मग तिला आठवलं. माझ्या पाठीच्या एका टोकाला प्लॅस्टिकची बारीक चौकोनी चकती असते. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही उतरत नाही. बारशाच्या दिवशी दिगंबरने ती मोडून तिला सांगितलं होतं, "वहिनी, आता हिला कोणी हात लावू शकत नाही." शैलजाने घड्याळाकडे पाहिलं. सातला चार मिनिटं कमी होती. तिने पर्समधून लॅबमधली पांढरी कागदी चिकटपट्टी काढली, रक्त काढल्यावर कापसावर लावतात ती. दाताने एक तुकडा तोडला आणि माझ्या त्या मोडक्या खाचेवर नीट दाबून बसवला. या वेळी मशीनने मला आत ठेवून घेतलं.

मित्रांनो, त्यानंतर काय झालं ते सांगणं अवघड आहे. आधी ती बास्केट गेली. मग हिरवी साडी, गाणं, कानात सांगितलेलं नाव, हसणारी चाळीस माणसं. त्यांच्या जागी डोंगर आले, धुकं आलं, आणि तो खर्जातला माणूस आला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. की नसते ओरडले? कारण ज्या हाताने मला इतके महिने पुसून जपलं, त्याच हाताने हे केलं होतं. ती सव्वा तास समोर बसून बाळाला भात भरवत बघत होती. तिला जपानी येत नव्हतं आणि खालच्या ओळी वाचायला बाळ सवड देत नव्हतं. तरी ती शेवटपर्यंत उठली नाही.

दोन आठवडे संपल्यावर शनिवारी चंद्रशेखर परतला. शैलजा लॅबला गेली होती आणि बाळ शेजारी सोपवलेलं होतं. त्याने बूटही न काढता मशीन सुरू केलं. माझ्यावरचा सामुराई डोंगर उतरून आपल्या गावी पोचला. त्याच्या घरात आता दुसरीच माणसं राहत होती. त्याने दोन्ही तलवारी दाराबाहेर ठेवल्या, त्या अनोळखी माणसांकडे पाणी मागितलं, पाय धुतले, आणि रिकाम्या ओसरीपुढे जमिनीला डोकं टेकलं. तेव्हा चंद्रशेखर रडला. भर दुपारी, एकटा, मोठ्याने. मिरजेहून फोन आल्यापासून पहिल्यांदा.

मी वाट पाहत होते की आता तो मला छातीशी धरेल. त्याने मला बाहेर काढलं, पाठीवरचा कागद वाचला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा, हे काय केलं मी," असं तो म्हणाला. मी? मला पुन्हा काही कळेना. याने काय केलं? पण तो मला घेऊन धावत गराजमध्ये गेला आणि जुन्या वायरींच्या खोक्यात सगळ्यात खाली दडपून आला.

शैलजा घरी आल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. "पाहिलात? पोचला का तो घरी?"

"पोचला," चंद्रशेखर म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? संपली मालिका."

 मग भांड्यांचा आवाज सुरू झाला. "ती दुसरी कॅसेट मशीनने खाल्ली हो, टाकून दिली मी," असं तिने सांगितलेलं मी ऐकलं. "बरं," तो म्हणाला. त्याने विचारलं नाही, कोणती. तिने सांगितलं नाही, मग काय केलं ते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठा भूकंप झाला. गराजमधली खोकी खाली आली, मीही फरशीवर आदळले. आवरायला शैलजा आली. वायरींच्या ढिगात तिला मी दिसले. ती खाली बसली. मला उलटंसुलटं करून पाहिलं, बाहीने धूळ पुसली. मला वाटलं, चला, आता घरात. तिने मला परत त्याच खोक्यात ठेवलं, वर तशाच वायरी रचल्या, आणि उठताना स्वतःशीच म्हणाली, "रागावलेत. दाखवत नाहीत, पण रागावलेत."

अनया बारा वर्षांची असताना एकदा गराजमध्ये तिघं उभी होती. शाळेच्या कामासाठी तिला लहानपणचा व्हिडिओ हवा होता. "मॉम, माझ्या नेमिंगचा टेप कुठेय? दिगंबरकाका म्हणाले, त्यांनी शूट केला होता."

"घर बदलताना हरवला," चंद्रशेखर म्हणाला.

"दिगंबरभावजींकडेच राहिला," शैलजा त्याच क्षणी म्हणाली.

घर तर त्यांनी कधी बदललंच नव्हतं. भाड्याचं होतं तेच पुढे विकत घेतलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अनयाने दोघांकडे पाहिलं. मी चार हातांवर खोक्यात होते. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. पण चंद्रशेखर गाडीची किल्ली शोधू लागला आणि शैलजा आत निघून गेली. दोघंही खोटं बोलली होती आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय हे कळलं होतं. तरी कोणी कोणाला पकडलं नाही. माणसं असं का करतात? कॅसेटला हे समजणं कठीण आहे. माझ्यावर जे असतं ते मी दाखवते. त्याहून वेगळं मला काही येत नाही.

मग वर्षांमागून वर्षं गेली. खोक्यात उन्हाळा यायचा, हिवाळा यायचा. मशीन जुनं झालं म्हणून कोणीतरी घेऊन गेलं. मी मनातल्या मनात माझ्यावर काय आहे ते चाळत राहायचे. सामुराईचा भाग सव्वा तासाचा आणि बारसं त्याहून लांब, म्हणून फितीच्या टोकाला बारशाची शेवटची थोडी मिनिटं पुसली गेली नव्हती. म्हणजे माझ्याकडे दोन शेवट होते आणि सुरुवात एकाचीही नव्हती. तो म्हातारा घरातून निघाला कसा, मला माहीत नाही. आणि बाळाच्या कानात नाव कोणी सांगितलं, तेही आता आठवत नाही. मी अर्धवट झाले होते, आणि कशाची अर्धी तेही सांगता येत नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी घरातला शैलजाचा आवाज बंद झाला. ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली, असं मला नंतर कळलं. अनया आता मोठी झाली होती. अ‍ॅशबर्नला नोकरी करत होती. वडिलांना एकट्याने घर आवरेना म्हणून ती गराज मोकळं करायला आली. तिने वायरींचं खोकं उपडं केलं आणि मी तिच्या पायाशी पडले. तिला मराठी सावकाश वाचता येतं. तिने एकेक अक्षर लावलं. "अ-न-या. बा-र-सं." आणि ती किंचाळली, "बाबा! धिस इज इट! सापडली!"

चंद्रशेखर दारात उभा होता. सत्तरीला आलेला, काठी घेतलेला. 

"इथेच होती इतकी वर्षं! आईचा आवाज आहे ना यात? आईचा तरुणपणीचा एक पण व्हिडिओ नाहीये आपल्याकडे. नॉट वन."

"खराब झाली असेल, अनू. राहू दे," तो कसाबसा म्हणाला.

तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन सॅन होजेला एका दुकानात गेली. तिथे जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. चंद्रशेखरही मुकाट्याने गाडीत बसला. दुकान लॉरा हायाशी नावाच्या बाईंचं होतं. साठीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या. त्यांचं कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी जपानहून आलेलं. त्यांनी मला मशीनमध्ये घातलं. पस्तीस वर्षांनी माझी चाकं फिरली. पडद्यावर डोंगर दिसला, धुकं दिसलं, आणि तो म्हातारा.

"बाबा, व्हॉट इज धिस?" अनयाने विचारलं.

"सामुराई आहे," चंद्रशेखर म्हणाला. मग खुर्चीचा हात घट्ट धरून त्याने सगळं सांगून टाकलं. "बारसं नाहीये त्यावर. मी पुसलं. प्लेनोला जायच्या घाईत कोरी म्हणून हीच लावली असणार. परत आलो तेव्हा कळलं. तुझ्या आईला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लपवली."

अनया उभी राहिली. "तुला माहीत होतं? इतकी वर्षं? मी विचारलं तेव्हा पण? यू लाइड टु मी, बाबा. टु आई अल्सो." तिचा आवाज फुटला. "एका टीव्ही शोसाठी!"

ती दाराकडे निघाली.  मी मशीनमध्ये फिरत होते आणि मला ओरडून सांगायचं होतं, अगं थांब, याने नाही केलं. पण माझ्यातून बाहेर आला तो सामुराईचाच आवाज, आणि तो जपानीत बोलत होता.

लॉराबाईंनी मशीन थांबवलं आणि मला बाहेर काढलं. त्या चष्मा डोळ्यांवर घेऊन माझी पाठ निरखत होत्या. "एक मिनिट," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हे चुकून झालेलं नाही. ही खाच बघा. चकती मोडलेली आहे. असं असलं तर यावर काहीच रेकॉर्ड होत नाही. कोणीतरी मुद्दाम वर पट्टी लावली, तेव्हा झालं. सर, ही पट्टी तुम्ही लावलीत?"

चंद्रशेखरने मला हातात घेतलं. पिवळट पडलेल्या त्या पट्टीवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ही मी नाही लावली," तो म्हणाला. "ही... ही शैलजाची पट्टी आहे."

अनया दारातून परत आली. तिने वाकून पाहिलं. ती पट्टी तिच्याही ओळखीची होती. त्या घरात हळदीच्या बरणीवर तीच, गोडा मसाल्यावर तीच, तुटलेल्या चष्म्याच्या काडीवर तीच. "आईने? पण का?"

"मशीनने एक कॅसेट खाल्ली, असं म्हणाली होती ती," चंद्रशेखर हळूहळू बोलू लागला. "ती कोरी होती. माझी. मी बरोबरच लावून गेलो होतो. मग तिने..." तो थांबला. "बाकीच्या सगळ्या लोकांच्या होत्या गं. ही एकच आमची होती."

"पण एका शोसाठी का, बाबा?"

तेव्हा त्याने तिला मिरजेचा फोन सांगितला. वकिलाचं बोलणं सांगितलं. तो गेला नाही, हे सांगितलं. अनयाला आजोबा माहीत होते ते फक्त फोटोतले. तिचे वडील त्यांच्या अंत्यविधीला गेले नव्हते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "मी तेव्हा कुणाशी बोलत नव्हतो. फक्त हा माणूस घरी पोचतो का, एवढंच मला बघायचं होतं. तिला ते कळलं असणार. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आणि मला वाटत राहिलं की माझ्या हातून तिची एवढी मोठी गोष्ट गेली."

अनया त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.  मग लॉराबाईंनी मला परत आत घातलं आणि सांगितलं की त्यांचे वडीलही ही मालिका बघायचे. जेवणाचं टेबल सोडून. "पहिल्या भागात तो सात वर्षांचा असतो," त्या म्हणाल्या. "आई त्याच्या कमरेला भाताचा गोळा बांधते आणि बजावते, मागे वळून पाहू नकोस. पुलावर पोचल्यावर तो वळून पाहतो. आई दारात नसते. ती आत गेलेली असते, कारण तिला पाहून तो परत येईल, ही तिला भीती."

मित्रांनो, माझ्या पोटातल्या माणसाची सुरुवात मला अशी एका परक्या दुकानात कळली. तो म्हातारा रिकाम्या ओसरीपुढे इतका वेळ का वाकतो, ते मला तेव्हा थोडंसं उमगलं. नक्की उमगलं का, ते सांगत नाही.

त्यांनी मला तसंच चालू ठेवलं. सव्वा तास तिघं बघत राहिले. मालिका संपली, पडद्यावर पांढऱ्या रेषा नाचल्या, चंद्रशेखरचा हात सवयीने बटणाकडे गेला. पस्तीस वर्षांपूर्वी त्याने इथेच मला थांबवलं होतं. पण बटण लॉराबाईंच्या टेबलावर होतं. रेषा विरल्या आणि एक स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर ताटांचा ढीग. आणि एकोणतीस वर्षांची शैलजा, केस सुटलेले, काखेत बाळ.

"भावजी, पुरे ना आता ते शूटिंग. काय बघणार लोक, खरकटी भांडी? अहो, तुम्ही जेवलात का? नाही ना? मला माहीतच होतं. पेढे फ्रिजमध्ये नाहीत, गराजमध्ये ठेवलेत. आणि हिला धरा जरा, माझा हात आलाय भरून."

चित्रात तरुण चंद्रशेखर आला आणि त्याने बाळाला असं धरलं, जसं काही ते फुटेल. शैलजा खळखळून हसली. "अहो, मान धरा मान!" अशी ती सात मिनिटं. नाव ठेवणं नाही, गाणं नाही. नुसतं आवरणं. अनया तोंडावर हात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चंद्रशेखर पडद्याच्या इतका जवळ गेला होता की लॉराबाईंनी त्याची खुर्ची पुढे सरकवली.

शेवटी लॉराबाईंनी विचारलं, "जपानी भाग कापून टाकू? मग फक्त हेच राहील."

चंद्रशेखर म्हणाला, "हो, हो. तो कशाला? काढून टाका."

"नो," अनया म्हणाली. "राहू दे, बाबा. ते पण आईनेच रेकॉर्ड केलंय."

नंतर गाडी सुरू करायच्या आधी ती दोघं पार्किंगमध्ये बराच वेळ बसून होती. मी अनयाच्या मांडीवर होते. चंद्रशेखर एवढंच म्हणाला, "तिला वाटलं असेल का गं, मी तिच्यावर रागावलोय?" अनयाला उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं. भूकंपानंतर गराजमध्ये शैलजा जे बोलली होती ते मी ऐकलं होतं. पण ते माझ्या फितीवर नाही, आणि जे फितीवर नाही ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, आता माझं फार आयुष्य उरलेलं नाही. माझी फीत सुकत चालली आहे. अजून दोन-चारदा चालले तर चालले. तुमच्याही घरी गराजमध्ये, माळ्यावर माझ्यासारखी कोणी पडलेली असेल. तिला उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका. चालवायला मिळाली तर शेवटपर्यंत चालवा, मध्येच बटण दाबू नका. आणि आणखी एक गोष्ट सांगते. ती दोघं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत चौतीस वर्षं राहिली. त्याला एक वाक्य बोलायचं होतं, तिलाही एकच. दोघंही एकमेकांना जपत होती, असं अनया म्हणते. असेल. मला माणसांचं जपणं अजून नीट कळत नाही. मला एवढंच कळतं की मी खोक्यात होते आणि माझ्याकडून ते सांगणं होणार नव्हतं. तुमच्या घरात कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर ते माणूस समोर असेपर्यंत जवळ जाऊन बसा. तुम्हाला तोंड आहे. विचारा.